आवाज गेलेला लॅपटॉप

वॉरंटी संपायला अकरा दिवस उरले होते, आणि अजेयच्या लॅपटॉपचा आवाज तिसऱ्यांदा गेला.

अजेय जन्मांध. वडील, शरदराव, नगरहून देवासला कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. शिक्षण संपल्यावर सहा वर्षं अजेय घरीच बसून होता. मग भोपाळच्या एका संस्थेचं काम मिळालं. गावोगावच्या बायांच्या मुलाखती ऐकून टाइप करायच्या. लॅपटॉप एकेक अक्षर बोलून दाखवायचा. माळवी बोलणं त्याच्याइतकं नेमकं कुणी उतरवत नसे.

कंपनीनं दोनदा बोर्ड बदलून दिला होता. आता अजेयनं लॅपटॉपच बदलून मागितला. फोनवर एकच उत्तर, "सर, केस आगे भेज दिया है." रोज संध्याकाळी बायको, देवश्री, शाळेतून आली की तक्रारीची स्थिती वाचून दाखवी.

"पेंडिंग."

"नीट बघितलंस?"

"बघितलं रे."

भोपाळच्या आठ मुलाखती टाइप करून द्यायच्या राहिल्या होत्या. शरदराव म्हणत, "होईल रे काहीतरी." हेच वाक्य त्यानं सहा वर्षं ऐकलं होतं.

नवव्या दिवशी राजवीर नावाचा इंजिनियर इंदूरहून आला. लॅपटॉप सुरू करून म्हणाला, "भिया, स्क्रीन तो मस्त चल रही है. साउंड का छोटा-सा इश्यू है, बाहर का स्पीकर लगा लो."

"लगाया था. उसमें भी कटता है."

"फिर भी, मशीन तो चालू है ना. रिपोर्ट में यही लिखना पड़ेगा."

अजेयचे कान तापले. आवाज चढू न देता तो म्हणाला, "एक काम करो. स्क्रीन बंद कर दो. अब मेरा नाम टाइप करके फाइल सेव करो."

राजवीर हसला, पण त्यानं केलं. बटणं वाजली, थांबली, पुन्हा वाजली.

"पता ही नहीं चल रहा, कहाँ हूँ," तो हळूच म्हणाला.

"मुझे भी नहीं चलता, भिया."

जाताना राजवीरनं अहवाल मोठ्यानं वाचून दाखवला: या ग्राहकासाठी हे मशीन बंदच समजावं.

दोन दिवसांनी वॉरंटी संपली. उत्तर नाही. तक्रार मुदतीत केलीय, असं देवश्री दहादा समजावी, तरी त्याला जेवण जाईना. तेराव्या दिवशी भोपाळच्या संस्थेतल्या बाईंचा फोन आला. त्यांनी पाच मुलाखती दुसऱ्याला दिल्या होत्या. "थांबता येत नाही हो," त्या म्हणाल्या. त्यांची चूक नव्हती, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास झाला.

कुरियर आलं ते एकविसाव्या दिवशी, दुपारी. खोकं शरदरावांनी फोडलं, आत नवा लॅपटॉप होता. अजेयनं हातांनीच चाचपून बटण शोधलं, थोडा थांबला आणि अक्षरं बोलून दाखवणारा प्रोग्राम सुरू करणारी तीन बटणं एकत्र दाबली. लॅपटॉप बोलला. स्पष्ट, न तुटता. शरदराव त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

अजेयनं भोपाळला फोन लावला. "उरलेल्या तीन माझ्याकडेच आहेत ना?"

"आहेत. सोमवारपर्यंत होतील?"

"होतील," तो म्हणाला, आणि हेडफोन चढवून पहिली मुलाखत लावली.