शालनअक्काची बासुंदी

भाऊबिजेची दुपार. मी दिवाणावर आडवा झालोय, पण झोप म्हणावी अशी लागलेली नाही. आत मंगल, माझी बायको, भांडी आवरतेय ते ऐकू येतं. मग तो आवाज लांब लांब जातो, आणि मी तासगावच्या एसटी स्टँडवर उतरतो.

तेहतीस वर्षं मी या दिवशी सांगलीहून इथं येत आलो. शालनअक्का माझी थोरली बहीण. भावजी गेले तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून मिळेल त्या मानधनावर तिनं पुढचं आयुष्य काढलं. यंदा श्रावणात ती गेली.

स्टँडवर कुणीच नाही. मी बाकावर टेकतो, तर बाक खाली खाली जातो आणि मी पाटावर मांडी घालून बसलेला असतो. समोर ताट. पुऱ्या, बटाट्याची भाजी, कुरडई, वाटीत बासुंदी. अक्का पाठमोरी बसून पुऱ्या तळतेय.

"आलास व्हय? बस," ती मागं न बघता म्हणते.

"अक्का, तू तर..."

"ते असू दे. पुरी गार होतीय."

मी वाटी हातात धरतो, पण तोंडाला लावत नाही. तिच्या दहाव्याला शेजारच्या पार्वतीबाईंनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाल्या, "तुमच्या बासुंदीसाठी दरसाल दिवाळीआधी पंधरा दिवस मजुरीनं बेदाणे निवडायला जायच्या. दिवसभर मांडी घालून. गुडघे त्यातच गेले त्यांचे." आज मंगलनं श्रीखंड केलं होतं, तेही मी न खाता बाजूला सारलं.

तळणाचा आवाज थांबतो. आम्ही आता बेदाण्याच्या शेडमध्ये आहोत. पत्र्याखाली पिवळे हिरवे ढीग आहेत. अक्का पुढ्यात चाळण घेऊन काड्या वेचतेय. ताट मात्र माझ्यासमोर तसंच आहे.

"खा की," ती म्हणते.

"याला किती खर्च आला?"

"जेवणाऱ्यानं इचारू नये."

"पहिल्या वर्षी किती आला होता?"

काडी तिच्या बोटांतच राहते. "तवा दूध आठ रुपये होतं. तू ओवाळणीत एकशे एक घातलेस. त्यात सगळं जेवण झालं, वर मी एक पोलकं शिवून घेतलं. निळं. आठवतंय?"

मला आठवत नाही. तरी मी हो म्हणून मान हलवतो.

"मग?" मी विचारतो.

"मग पोलकं गेलं. मग चारोळी गेली. तेल वाढलं तवा पुऱ्या मोजून लाटायला लागले. दूध साठावर गेलं, मग इथं यायला लागले."

तेहतीस वर्षांत माझा पगार कुठल्या कुठं गेला. सांगलीत घर झालं, निवृत्त झालो, पेन्शन सुरू झाली. ओवाळणीचं पाकीट दरवर्षी मीच भरायचो. शंभराची एक नोट आणि वर रुपया. रीत आहे म्हणून. तेवढीच असते म्हणून. मंगलनं एकदा विचारलं होतं, यंदा थोडे वाढवायचे का? अक्का काय पैशाची वाट बघत बसलीय का, असं मीच म्हणालो होतो.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? जेवायला येऊ नगंस म्हणू?"

"जास्त दे म्हणायचं."

"बहिणीनं मागायचं असतं व्हय ते?"

ती पुन्हा काड्या वेचायला लागते. मग माझ्याकडे न बघता म्हणते, "तुझ्या ध्यानात येईल असं वाटायचं. दरसाल वाटायचं."

मी खिशात हात घालतो. पाकीट निघतं. उघडतो तर शंभराची नोट आणि एक रुपया. ते खाली ठेवून पुन्हा खिशात हात घालतो. पुन्हा पाकीट, पुन्हा तेवढेच. मी काढत राहतो. पाटाच्या बाजूला पाकिटं पडत जातात आणि एकातही एक रुपया जास्त निघत नाही.

"राहू दे आता," अक्का म्हणते. तिच्या आवाजात राग नाही. राग असता तर बरं झालं असतं. "तेवढी वाटी संपव."

मी बासुंदी पितो. सगळी पितो. तिच्यात चारोळी आहे, भरपूर. मी वाटी खाली ठेवतो, तोवर अक्का तांब्या घेऊन उठलेली असते. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश.

"उठू नगंस. ताटातच धू."

ती माझ्या हातावर पाणी घालते. पाणी गार आहे. मी दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरायला जातो.

"अहो, चार वाजले. चहा ठेवू ना?"

मंगल दारात उभी आहे. मी दिवाणावर उठून बसतो. डावा हात कोरडा आहे. उजवा मनगटापर्यंत ओला. बोटांच्या टोकांवरून एक थेंब चादरीवर पडतो, मग आणखी एक.

डोक्यावर पंखा फिरतोय. हातावरची ओल हळूहळू सुकत चाललीय.

"पंखा बंद कर," मी म्हणतो.

"थंडी वाजतीय का?"

"हो," मी म्हणतो, आणि हात तसाच पुढं धरून बसून राहतो.