वाळूत रुतलेला घोडा

काल कपाट आवरताना एका व्हिडिओ गेमची डबी हाती लागली. उघडली तर आत नव्या प्लास्टिकचा वास अजून रेंगाळत होता, आणि मला सौदीतल्या हुफूफमधली शुक्रवारची एक दुपार आठवली.

माझी सना तेव्हा बारा वर्षांची होती. जाहिराती बघत तिने या गेमची दोन वर्षं वाट पाहिली होती. जगातला सगळ्यात महागडा गेम येणार, असं ती शाळेत सांगत फिरायची. जुम्म्याची नमाज आटोपून मी डबी घेऊन आलो, तर ती दारातच उभी. "अब्बा, यल्ला, जल्दी!"

गेम सुरू झाला आणि नायकाचा घोडा मानेपर्यंत वाळूत रुतला. नायक मात्र हवेतच बसून दौडत राहिला. सनाने तीनदा पुन्हा सुरू करून पाहिलं, घोडा तीनदा रुतला. तिचे डोळे भरून आले. मला गेम बनवणाऱ्या कंपनीचा भयंकर राग आला.

तेवढ्यात तिची अम्मी चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "अगो, त्या बिचाऱ्या घोड्याला आधी कुणीतरी वर काढा!"

सना फिस्सकन हसली. मग आम्ही तिघं संध्याकाळच्या मगरिबच्या अजानपर्यंत गेममधल्या चुकाच शोधत बसलो. एक दुकानदार भिंतीतून आरपार चालत गेला, तेव्हा हसता हसता माझा चहा सांडला.

काही महिन्यांनी कंपनीने गेम दुरुस्त केला. सनाने दहा मिनिटं घोडा व्यवस्थित पळवला आणि कंट्रोलर खाली ठेवला. "अब्बा, अब इसमें मज़ा नहीं."

तेव्हा मी तिला लहरी म्हणालो होतो. आज विचाराल तर मीही सनासारखंच सांगेन, मजा त्या रुतलेल्या घोड्यातच होती.