बेसमेंटमधली पंगत

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात पद्मिनीकाकूंचा कढीपत्ता ठाऊक नाही असं मराठी घर विरळाच. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि पद्मिनीबाईंच्या खिडकीत बावीस हिवाळे काढलेलं ते झाड हिरवंगार उभं! कुणी गुपित विचारलं की त्या म्हणत, "आंबट ताक. पातळ करून, दर शनिवारी. दुसरं काही नाही."

या हिवाळ्यात मात्र त्यांचं लक्ष कढीपत्त्यात नव्हतं. नवऱ्याची, त्र्यंबकरावांची, कॅन्सरवरची केमो चालू होती. जन्मभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केलेला तो ताठ माणूस ताटासमोर बसला की मान फिरवायचा.

"अहो, दोन घास."

"नको गं."

एवढाच संवाद, रोजचे तीन खेळ.

डॉक्टर म्हणाले, गांजानं काहींना भूक लागते, काहींना नाही. पाहा विचार करून. मिशिगनमध्ये घरी थोडी झाडं लावायला कायद्याची ना नाही. जवळच राहणारी मुलगी नैना म्हणाली, "बाबा, दुकानातून आणू ना. व्हाय ग्रो?"

त्र्यंबकराव कित्येक दिवसांनी उशीवरून उठून बसले. "दुकानातलं कशात वाढलंय कोण जाणे! आपण बघू. माती, काथ्या आणि नुसतं पाणी. तिन्हींत एकेक लावून टेस्ट घेऊ."

गांजा म्हटल्यावर पद्मिनीबाई दचकल्या होत्या. पण नवऱ्याचे उजळलेले डोळे पाहिले आणि बेसमेंटचा कोपरा झाडायला घेतला.

नैनानं बेसमेंटमध्ये रोपं वाढवायचा काळा तंबू उभारला. त्याची चेन उघडली की आत लख्ख प्रकाश, जणू पडदाच वर गेला. आत तीन पात्रं. पहिलं मातीच्या कुंडीत: संथ, पण आपल्या चुका पोटात घालणारं. दुसरं नारळाच्या काथ्याच्या भुशात: मुळं मोकळी, पण त्या भुशाजवळ स्वतःचा शिधा काही नाही, दर पाण्याबरोबर खत मोजून द्यायचं. तिसरं तर बादलीवरच, जाळीत बसलेलं. मुळं खतपाण्यात सोडलेली, खाली पंप बुडबुडे काढतोय. तेच सगळ्यांत भराभर वाढलं.

त्र्यंबकराव रोज सकाळी कठडा धरून तेरा पायऱ्या उतरत, पट्टीनं उंची मोजत, वहीत लिहीत. जेवत नव्हते, पण उतरत होते. पद्मिनीबाईंचा जीव त्या तेरा पायऱ्यांत अडकला होता.

पाचव्या आठवड्यात केमोनंतर ते अंथरुणाला खिळले. झाडांकडे पद्मिनीबाई गेल्या. शनिवार होता, हातात ताकाचं भांडं. मातीतल्या झाडाला त्यांनी ताक घातलं आणि वळल्या, तर उरलेली दोघं आपल्याकडे बघताहेत असं त्यांना वाटलं. एका पंगतीत एकाला वाढायचं आणि दोघांना उपाशी उठवायचं? असला पंक्तिप्रपंच त्यांच्या हातून कधी झाला नव्हता. त्यांनी तिघांनाही सारखं वाढलं.

मंगळवारी त्र्यंबकराव कसेबसे खाली उतरले, मागोमाग पद्मिनीबाई, तर पायरीवरच वास आला. बादलीवर फेस, मुळं तपकिरी, बुळबुळीत. झाडानं मान टाकलेली. काथ्यावर चिलटांचा थवा. मातीतलं तेवढं मजेत डोलत होतं.

"पद्मे, बादलीत काय घातलंस?"

"ताक."

"ताक?"

"कढीपत्त्याला घालते ना. म्हटलं, तिघांनाही..." त्या बादलीवरचा फेस हातानंच बाजूला सारू लागल्या. "तुमची सगळी टेस्ट घालवली हो मी! आता तुम्ही खाली तरी कशाला याल?"

त्र्यंबकराव बादलीवर वाकले. मग त्यांचे खांदे हलू लागले. पद्मिनीबाई धावल्या, तर ते हसत होते! पायरीवर बसकण मारून, डोळ्यांतून पाणी येईतो.

"अगं, कढी केलीस की गं त्याची! फोडणी तेवढी राहिली!"

वरून नैना ओरडली, "व्हॉट हॅपन्ड? बाबा ओके?"

"ओके, ओके! तुझ्या आईनं रिझल्ट लावला! माती फर्स्ट क्लास, बाकी दोघं नापास!"

त्यांनी वही उघडून तसं लिहिलं. खाली कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पद्मिनी'. मग चष्मा पुसला.

"ताक उरलंय का गं?"

"आहे की. आता कुणाला घालायचंय?"

"मला. मऊ भातात कालव थोडं. मीठ घालून."

तंबूची चेन उघडीच राहिली. त्या तेरा पायऱ्या पद्मिनीबाई कशा चढल्या, ते त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांनाही कळलं नाही.