कर्नल थ्रॉलचा संशय

अझारिया थ्रॉल व्हरमाँटमधल्या एका डोंगराळ गावचा न्यायाधीश होता आणि तिथल्या पलटणीचा कर्नलही. कायदा तो शिकला नव्हता. मेंढ्या सांभाळता सांभाळता खटले ऐकायचा, आणि समोरच्या कुणावरही त्याचा चटकन विश्वास बसायचा नाही.

इंग्रजांशी लढाई चालू असताना त्याच्या तुकडीचा तळ कुणीतरी शत्रूला दाखवून दिला होता. पहाटे हल्ला झाला आणि त्यात त्याचा भाऊ मारला गेला. फितूर कोण, ते कधीच कळलं नाही. पण अझारियाचा संशय होता गिरणीवाल्या लेम्युएल पेलवर, कारण त्या पहाटे पहाऱ्यावर तोच होता. तेव्हापासून अझारिया आपला मका लांबच्या गिरणीतून दळून आणायचा.

म्हातारपणी पेल अंथरुणाला खिळला आणि त्याने कर्नलला बोलावणं धाडलं. आता हा कबूल करणार, असं धरूनच अझारिया त्याच्या उशाशी जाऊन बसला.

"कर्नलसाहेब, मी काही आता उठत नाही," पेल म्हणाला. "आता तरी खरं सांगा. तळ तुम्हीच दाखवलात ना? तुमच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता."

"मी? अरे, माझा सख्खा भाऊ गेला तिथं!"

"म्हणूनच तर गप्प बसलो. म्हटलं, शिक्षा मिळालीच आहे तुम्हाला."

हा माणूस खोटं बोलत नाही, हे अझारियाला पहिल्यांदाच पटलं. त्याने पेलचा हात हातात घेतला. "मी नव्हतो रे, लेम."

"मग कोण?"

पेलच्या दफनाला अख्खं गाव जमलं. प्रार्थना चालू असताना कर्नल एकेका म्हाताऱ्याचा चेहरा निरखत उभा होता.