जड कॉम्प्युटर

"जड आहे ना?" असं विचारत मावशी कुठलीही वस्तू आधी दोन्ही हातांनी उचलून बघायच्या. तवा असो, कुकर असो, खुर्ची असो. मोरिवलीच्या कारखान्यात पॅकिंगला जन्म गेलेला, हलक्या वस्तूवर त्यांचा विश्वासच नव्हता. अशी एखादी बाई तुमच्याही आळीत असेल. तुम्ही तिला हसलाही असाल.

त्यांची सून अकाउंट्सचा कोर्स करून घरबसल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहू लागली होती. तिच्यासाठी आणलेला लॅपटॉप थोड्याच दिवसांत तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे मावशींच्या मुलाच्या, बॅगेत गेला. मुलगा वाईट नव्हता. "विचारायचं राहून गेलं," म्हणायचा, आणि दर वेळी राहूनच जायचं. सुनेची कामं सुटायला लागली.

तेव्हा आम्ही महिला मंडळाच्या बायका आळीत पत्रकं वाटत होतो, 'प्रत्येक मुलीच्या हाती लॅपटॉप'. मावशींनी एक वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं. "हाती कशाला? हातातलं काढून घेतात गं."

मग मुलाला आणि मला घेऊन त्या उल्हासनगरला गेल्या, कॅम्प दोनमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात. दुकानदार सिंधी, बोलका. त्याने टॅब दाखवला, लॅपटॉप दाखवला, मग पडद्यातच सगळं बसवलेला ऑल-इन-वन पुढे केला. "मावशी, ये देखो, एकदम हलका."

"हलका नको. जड दाखवा."

"मावशी, कॉम्प्युटर है, बटाटा नहीं."

मावशींनी पदर खोचला आणि खाली ठेवलेला डेस्कटॉपचा सीपीयू सरळ उचलला. दम लागला, पण चेहरा खुलला. "हा द्या."

मुलगा वैतागला. "आई, हा डबा आता कोण घेतं?"

"डबा तू रोज नेतोस. हा नेता येणार नाही, म्हणून घ्यायचा."

दुकानदार इतका हसला की त्याने चहा मागवला. मला मात्र चीड आली, अजून येते. सुनेचं काम घरात टिकावं म्हणून सासूला वजन बघावं लागतं, आणि आपण त्याचा विनोद करतो.

त्या कॉम्प्युटरला मावशींनी कधी बोट लावलं नाही. सून कामाला बसली की त्या दाराशी भाजी निवडत बसायच्या. कुणीही आत डोकावलं की एकच वाक्य, "तिचं चाललंय." पाहुण्यांना तेच, मुलाला तेच, मलाही तेच. एकदा तर वीजबिल द्यायला आलेल्या माणसालाही.

मावशी आता नाहीत. परवा मी त्यांच्या घरी गेले, तर सून भराभर आकडे टाकत होती. मुलगा चहाचा कप घेऊन मागे उभा. "मला जरा एक फॉर्म भरायचा होता," तो म्हणाला.

"थोडं थांब," ती मान न वळवता म्हणाली.

चहा त्याने तिच्यासाठीच आणला होता. तो त्याने कीबोर्डपासून जरा लांब, पण तिचा हात पोचेल असा ठेवला आणि पलंगावर जाऊन बसला.