आमच्या फोनचा पंचनामा

आता काय सांगू तुम्हाला, मी एकदा चोर पकडला होता! हसू नका. अख्ख्या गल्लीसमोर पकडला होता.

नव्वदच्या पुढची गोष्ट. वर्षानुवर्षं वाट बघून आमच्या संगमनेरच्या घरी फोन आला. थोरली लेक नाशिकला सासरी, दिवस भरलेले. आमची ही भाजीसुद्धा फोनजवळ बसून निवडायची. आणि नेमका तेव्हाच फोन खरखरायला लागला. मी तक्रार नोंदवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. भारदस्त आवाज.

"दुरुस्ती केंद्रातून बोलतोय. गावात तोतये लाइनमन फिरतायत. आज कुणी आलाच, तर तो आमचा नाही, अडकवून ठेवा. मी येतोच. तुमच्यासारख्या जाणत्या माणसांचीच मदत लागते."

जाणता! मी! खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झालो.

थोड्या वेळानं एक हडकुळा माणूस शिडी घेऊन दारात. "काका, तुमचीच तक्रार हाय ना?"

"ये ना, आत ये," म्हणत त्याला मागच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी!

"अवो काका, मी गायकवाड! अकोले तालुक्याचा हाय! कार्ड तर बगा!"

"कार्ड कुणीही छापतं!"

हिनं खिडकीतून त्याला चहा दिला. वर बिस्किटं! "चोर असला म्हणून काय झालं? उन्हातून आलाय."

मग फोनवरचे साहेब आले, स्कूटरवरून. "पंचनाम्यासाठी फोन न्यावा लागेल. चोराला न्यायला गाडी पाठवतो."

मी स्वतःच्या हातानं फोन काढून दिला. बरं, एवढा मोठा अधिकारी दारी आलेला, तसाच कसा जाऊ द्यायचा? आपल्याकडं बोअरला पाणी लागलं तरी सत्कार होतो! जावयासाठी आणलेली शाल काढली, नारळ दिला. एव्हाना जमलेल्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी दोन शब्दही बोललो.

साहेब गेले. गाडी काही येईना. दिवस कलला तसा आतून आवाज आला, "काका, आमच्या हापिसात पंचनामा करनारा साहेब न्हाईच वो कुनी."

म्हणजे खऱ्या चोराला मीच टाळ्यांच्या गजरात निरोप दिला होता! हिनं फोनच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. "आता पोरीचं कसं कळायचं हो?"

मी कडी काढली. गायकवाडनं एक शिवी दिली नाही. तारेची खरखर काढली, पिशवीतला एक जुना फोन जोडून दिला. आणि तो लगेच खणखणला! जावई होते.

"मुलगी झाली! दुपारपासून लावतोय, उचलत का नव्हतात?"

ही रडायलाच लागली. मी गायकवाडला मिठी मारली. "थांब, तुझा सत्कारच करतो!" म्हणत कपाट उघडलं.

"काय शोधताय?" ही डोळे पुसत म्हणाली. "शाल स्कूटरवरून गेली. नारळही."

गायकवाड शिडी उचलून केव्हाच उंबऱ्याबाहेर उभा होता. "ऱ्हाऊ द्या काका. पुढच्या टायमाला कडी लावू नका, तेवढा सत्कार लई झाला!"