राईच्या अंगणातली खुर्ची

ताई पडली ती अंगणातच, प्लॅस्टिकच्या खुर्चीचा मागचा पाय तुटला म्हणून. वर्षानुवर्षं उन्हात राहून ती खुर्ची पापडासारखी कडकडीत झाली होती. ताईचे गुडघे आधीच गेलेले, त्यात उजवं मनगट मोडलं. तिच्या शेजारणीनं मला फोन केला आणि मी नऊ वर्षांनी तिच्या सासरी, राई गावाला गेलो.

अंतर म्हणाल तर काहीच नाही. मी भाईंदर पूर्वेला राहायचो, तिथून रिक्षानं अर्धा तास. पण ताईनं राईतल्या एका माणसाशी आपल्या मनानं लग्न केलं होतं. थोडी भातशेती, थोडी मासेमारी असं त्याचं घर. आम्ही परळहून आलेले, वडील कारकून. वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं आणि ते गेल्यावर मी ते तसंच चालू ठेवलं. फ्लॅट माझ्या नावावर झाला तसं ते भांडणही माझ्या नावावर झालं, असं आता वाटतं. तेव्हा तसं वाटत नव्हतं. तेव्हा मी बरोबर होतो.

अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या मी भावजींना म्हणालो, "एक धड खुर्ची आणता येत नाही तुम्हाला?"

ते जाळं विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "नऊ वर्सांत आलावतास का बगाला, तुजी बहीन कशावर बसते त्ये?"

मी त्यांच्याकडे पाठ केली. ताईला म्हणालो, "तुला खुर्ची मी करून देतो. माझ्या हातानं."

मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करणं हा माझा धंदा, त्यामुळे खुर्ची म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं. ताईला प्लॅस्टरसाठी दवाखान्यात नेलं तेव्हाच तिला बाकावर बसवून मी गुडघ्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. सायबर कॅफेत बसून परदेशी बागेतल्या खुर्च्या पाहिल्या, प्रिंट काढले आणि त्यावरून माझं ड्रॉइंग केलं. सरळ रेषा, जाड पाय, थोडी मागं कललेली पाठ. पावसाचं पाणी साचू नये म्हणून बैठकीत फळी न घालता फटी सोडून पट्ट्या. उठताना जोर देता यावा म्हणून रुंद हात.

भावजींनी कागद लांब धरून पाहिला. "ही खुर्ची हाय का तिरडी?"

ताई हसली. मला तिचं हसणं जास्त लागलं.

लाकूड मी विकत आणणार होतो. ते म्हणाले, "माज्या अंगनात ठेवाची तर लाकूड माजं." त्यांच्या जुन्या घराचा अर्धा भाग पाडला होता, त्याचे सागवानी वासे मागच्या पडवीत रचून ठेवलेले होते. दोघांपैकी कोणीच माघार घेईना, म्हणून मग लाकूड त्यांचं, ड्रॉइंग माझं असं ठरलं; दर रविवारी मी तिथे जायचो आणि आम्ही दोघं एकाच लाकडावर काम करायचो. बोलायचो मात्र ताईशी.

"तुज्या भावाला सांग, करवत अशी दाबून न्हाय चालवाची."

"ताई, त्यांना म्हणावं, मला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. पहिल्या रविवारी मी पितळी स्क्रू पिळत बसलो. लाकूड जुनं, वाळून लोखंड झालेलं. दोन स्क्रूंची डोकी तुटली, तिसऱ्यानं पाय उभा चिरला. स्क्रू-ड्रायव्हर निसटून माझ्या तळहातात घुसला. भावजी उठले, हळदीचा डबा माझ्यासमोर आदळला आणि चिरलेला पाय बाजूला फेकून नवा वासा मापू लागले.

त्यांचे वडील होड्या दुरुस्त करायचे, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी पटाशीनं पायात चौकोनी खाच पाडली, आडव्या पट्टीच्या टोकाला तिच्यात बसेल अशी जीभ काढली, दोन्ही ठोकून बसवली आणि आरपार भोक पाडून लाकडी खुंटी मारली. कुठे केसाएवढी फट नव्हती. मी बोटानं तपासून पाहिलं. चूक सापडावी अशी फार इच्छा होती. सापडली नाही म्हणून मी पट्ट्या घासायला बसलो.

तिसऱ्या रविवारी गेलो तर खुर्ची चार पायांवर उभी होती. पण मला लांबूनच कळलं, ती बुटकी झाली आहे. मी पट्टी लावली. चारी पाय दोन-दोन बोटं कापले होते.

"हे कोणी केलं?"

"मी," ते म्हणाले. काम सुरू झाल्यापासून पहिल्यांदा थेट मला. "तिचं पाय लोंबत व्हते."

"मी माप घेतलं होतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंच बैठक लागते. तुम्हाला ड्रॉइंग वाचता येत नाही तर हात कशाला लावलात?"

"मना बायको बगता येते."

मग मी बोललो. नऊ वर्षं आमच्या घरात जे बोललं जायचं तेच, फक्त आता त्यांच्या अंगणात उभं राहून. तुम्हा लोकांच्यात आली तेव्हाच तिचं वाटोळं झालं. शिकलेली मुलगी, तिला चिखलात आणून बसवली. शेजारच्या बायका दारात आल्या होत्या, तरी मी थांबलो नाही.

भावजींच्या हातात पटाशी होती. त्यांनी ती खाली ठेवली, अगदी सावकाश, आणि हात मागे बांधले.

ताई दारातून आली. प्लॅस्टरचा हात छातीशी धरून, अनवाणी, एकेक पाऊल टाकत. कोणाकडे न बघता ती खुर्चीत बसली. दोन्ही तळपाय जमिनीला सपाट टेकले. मग डावा हात खुर्चीच्या हातावर दाबून ती कोणाच्याही आधाराशिवाय उठली.

दवाखान्यात तिच्या पायात डॉक्टरांनी सांगितलेल्या जाड तळव्याच्या चपला होत्या. मी माप चपलांसकट घेतलं होतं. अंगणात ती कधीच चपला घालत नसे. हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"उरलेलं काम कर आणि जा," ताई मला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

मी केलं. पट्ट्यांच्या कडा गोल केल्या, हातांवर पॉलिशपेपर मारला, दोन वेळा जवसाचं तेल चोळलं. भावजी पाठ करून जाळं विणत होते. माफी मागायचं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण माफी मागायची म्हणजे ते बरोबर होते हे मान्य करायचं, आणि तेवढं माझ्याच्यानं झालं नाही. निघताना चहा कोणी विचारला नाही.

खुर्ची उत्तम निघाली. कितीतरी पावसाळे ती उघड्यावर आहे, तरी सांधे हलले नाहीत असं ताई सांगते. फोनवर आम्ही बोलतो. मनगट बरं आहे, पापलेट महाग झालंय, गावात नवी इमारत उठतेय, असं सगळं बोलते. ये म्हणत नाही. मीही येतो म्हणालेलो नाही.